तुरुंगाच्या वहीतला माझा शेरा

मार खाऊन तळपाय फुटलेल्या एका माणसाला मी साधक समजले होते. नुसतं समजले असते तर गोष्ट माझ्या डोक्यातच राहिली असती. मी ते लिहून दिलं. तुरुंगाच्या वहीत, सुवाच्य अक्षरात, खाली सही आणि सहीखाली दोन रेघा.

तेव्हा माझं वय बावन्न होतं. अक्कल यायला बावन्न वर्षं पुरतात असा लोकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. त्या बावन्न वर्षांच्या बाईला मी आज ओळख दाखवणार नाही. रस्त्यात भेटली तर पदर ओढून पलीकडून जाईन. पण तिनं जे केलं ते मलाच सांगावं लागणार, दुसरं कोणी साक्षीला उरलेलं नाही.

ही बाई नुकतीच दहा दिवसांच्या ध्यानशिबिराहून आली होती. दहा दिवस तोंड बंद ठेवलं, त्याचा वचपा ती पुढं वर्षभर काढत होती. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीतल्या, क्वार्टरमध्ये जी कोणी येईल तिला श्वासावर व्याख्यान. स्वयंपाकघरात ती सावकाश चालायची. पाऊल उचललं, पाऊल पुढं नेलं, पाऊल टेकवलं, प्रत्येकावर लक्ष. तिचे मालक रात्रपाळी करून सकाळच्या कंपनीच्या बसनं घरी आले की हे बघत उभे राहायचे.

"दूध उतू गेलं न व!"

"मी पाऊल पाहून राह्यली होती."

"मंग घडीभर दुधाले बी पाह्य."

त्यांना काही कळत नाही, असं ती बाई मनात म्हणायची आणि त्यांना मैत्री पाठवायची. शिबिरात शिकवलं होतं तशी, सगळ्या प्राण्यांचं मंगल होवो. उतू गेलेलं दूध मालक पुसायचे.

वर्षावासाचे दिवस होते. आषाढातल्या पौर्णिमेपासून आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, तीन महिने. वाचायचं काम माझ्याकडे, कारण माझा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत जातो. त्यातच तुरुंगातून निरोप आला की बंद्यांसमोर आमच्या विहाराच्या महिला मंडळाचा धम्मावर कार्यक्रम ठेवायचा आहे. कोणत्या गावचा तुरुंग ते मी सांगणार नाही. आम्ही पंधरा जणी पांढऱ्या साड्या नेसून गेलो. वंदना झाली, मी बोलले. लोक ताडपत्रीवर मांडी घालून बसलेले. मी त्यांना म्हणाले की मनाची कोठडी हीच खरी कोठडी. टाळ्या पडल्या. आता वाटतं, त्या टाळ्या शिपायानं खूण केल्यावर पडल्या असतील.

कार्यक्रमानंतर तिथले मोठे साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमची साधना ऐकून बरं वाटलं. तुम्हाला आमचा एक गोंड बंदी दाखवतो."

हसरा माणूस होता तो. माझा त्याच्यावर सगळ्यात जास्त राग आहे तो त्या हसण्यासाठी.

मागच्या अंगाला एकेकट्याच्या कोठड्या होत्या. पहिल्या दारापाशी आम्ही थांबलो. गजांच्या आत तीस-बत्तीस वर्षांचा एक माणूस भिंतीला हात लावून चालत होता. तीन पावलं जायचा, वळायचा, तीन पावलं यायचा. पाऊल असं हळू उचलायचा की जणू खाली फुलं आहेत. टेकवताना आधी बाहेरची कड, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. आमच्याकडे त्यानं बघितलं नाही.

माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरले. हसा, हसा. मला वाटलं, शिबिरात आचार्य जे दहा दिवस सांगत होते ते या गोंड माणसाला कोणी न शिकवता आलं.

"किती दिवसांपासून आहेत?" मी कुजबुजत विचारलं. साधकाच्या शेजारी मोठ्यानं बोलत नाहीत.

"अडीच महिने झाले. एटापल्लीकडचा आहे, जंगलातली, नक्षल केस. सुरक्षेच्या कारणानं वेगळा ठेवलाय. कोणाशी बोलत नाही."

"अडीच महिने मौन!" मी म्हणाले. "साहेब, आम्हाला दहा दिवससुद्धा घरातून सहज सोडत नाहीत."

मला त्या माणसाचा हेवा वाटला. हे लिहिताना पेन थांबतं, पण लिहिते. हेवा वाटला. साहेबसुद्धा क्षणभर हसायचे थांबले, माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शिपायाला पाहुण्यांची वही आणायला सांगितली.

मी लिहिलं: "बंद्यास एकांत मानवलेला दिसतो. त्याची चाल सावध व शांत असून साधकास शोभणारी आहे. अशी व्यवस्था इतरांसही लाभो."

इतरांसही लाभो. ही माझी भाषा. शाळेत निबंधाला बक्षीस मिळायचं मला.

दीड-पावणेदोन महिने गेले. एका दुपारी दार वाजलं. बाहेर एक तरुण वकील बाई होती, काळा कोट हातावर घेतलेला, आणि तिच्यामागं एक म्हातारी, गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं, हातात पिशवी. वकील बाईनं आत यायच्या आधीच एक कागद पुढं केला. माझ्या शेऱ्याची झेरॉक्स होती. सहीखालच्या दोन रेघासुद्धा स्पष्ट आल्या होत्या.

"हे अक्षर तुमचं?"

"हो." मला आधी आनंदच झाला. वाटलं, कुठं छापून आलं की काय.

"या बाईंच्या मुलाला एकट्याला कोंडून ठेवलंय, मारलंय, असा अर्ज आम्ही कोर्टात दिला होता. तुरुंगवाल्यांनी उत्तराला हे जोडलं. समाजातल्या एका सुशिक्षित, धार्मिक महिलेनं प्रत्यक्ष पाहून लिहिलंय, म्हणे. अर्ज नामंजूर झाला." तिनं कोट दुसऱ्या हातावर घेतला. "मला तुमच्याशी भांडायचं होतं. पण ही म्हणते, मला फक्त एक विचारू दे."

म्हातारीला मी खुर्ची दिली. ती दाराजवळ फरशीवर बसली. तिची बोली माडिया गोंडांची, मराठी तुटक. माडिया माणूस कलेक्टरलाही तू म्हणतो, तशी तिनं मलाही तू म्हटलं.

"तू पाह्यलं त्याले?"

"हो, पाहिलं."

"मले भेटू नाई देत. चार महिने झाले. तीन डाव आली, तीन डाव गेटवरून वापस. तू पाह्यलं त कसा दिसते सांग."

मी म्हटलं, बारीक आहे. दाढी वाढली आहे. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. जेवतो का? मला माहीत नव्हतं. बोलला का काही? नाही बोलला. मी तिच्या मुलासमोर चांगली पाच मिनिटं उभी होते आणि मला सांगण्यासारखं काहीच माहीत नव्हतं, त्याची चाल सोडून.

"चालताना पाह्यलं," मी म्हणाले.

"कसा चालते?"

"सावकाश."

"चालून दाखव."

आणि मी दाखवलं. एवढं झाल्यावरही ती बाई उठली, पदर खोचला आणि आपल्या हॉलमध्ये चालून दाखवू लागली. मनात थोडा अभिमानही होता, कारण ती चाल मला जमत होती, महिनेन् महिने घोटली होती. पाऊल हळू उचललं. बाहेरची कड टेकवली. थांबले. दुसरं उचललं. तीन पावलं गेले, भिंतीला हात लावून वळले.

म्हातारीनं तोंडावर हात ठेवला होता. मग ती सरकत माझ्याजवळ आली, माझा घोटा धरला आणि पाय उलटा करून माझ्या तळव्याच्या मधोमध अंगठा दाबला.

"इथी मारलं," ती म्हणाली. "काठीनं. इथी अन् इथी. म्हणून कडेनं चालते."

मी एका पायावर उभी होते. दाराची चौकट धरली.

"माहा भाऊ असाच चाले," ती म्हणाली. "आमच्याकडे लेकरं बी वळखते ही चाल. तुले कोणी नाई सांगतलं?"

कोणी नाही सांगितलं. तिच्या गावापासून माझ्या घरापर्यंत एसटी बदलत बदलत एक दिवस लागतो. तिथलं लेकरू जे चाल बघून ओळखतं ते मला माहीत नव्हतं, आणि मी मात्र त्या तळपायांखाली धम्म बघून आले होते. तिनं चहा घेतला नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणाली. वकील बाईनं झेरॉक्स टेबलावर ठेवली ती ठेवली, परत नेली नाही.

ते गेल्यावर मी आसनावर बसून पाहिलं. श्वास आत, श्वास बाहेर. असा संताप उसळला की आसन उचलून खिडकीबाहेर फेकलं. खाली कोणाच्या तरी मोटारसायकलवर पडलं. मालक जाऊन घेऊन आले, त्यावरची राख झटकली. आमच्या कॉलनीत बाहेर पडलेल्या वस्तूवर राख बसतेच.

"आता काय करशीन?" त्यांनी विचारलं.

"शेरा वापस घेईन."

"थो काय उसनी साखर हाये?"

पण वकील बाईकडे माझ्यासोबत तेच आले. ती म्हणाली, प्रतिज्ञापत्र करा. पण एका बाईनं मत बदललं याला कोर्टात वजन किती? तुमचं विहार काय म्हणतं? तुमच्या शेऱ्याखाली मंडळाचं नाव आहे.

त्या संध्याकाळी ग्रंथ उघडला आणि त्यात ठेवलेली झेरॉक्स वाचली. तीनही वाक्यं, पोथीच्या चालीत. मग पुढं म्हातारीनं सांगितलेलं सगळं. विहारात चाळीसेक माणसं होती.

विहाराचे अध्यक्ष भाऊ उठले. निवृत्त हेडमास्तर, सात शिबिरं केलेला माणूस. "बाई, हे ठिकाण वाचनाचं हाये. आपण धम्माचं काम करतो, असल्या भानगडीत नाई पडत. थो माणूस कोण, त्यानं काय केलं, तुमाले माहीत हाये काय?"

"नाई. थे कोर्ट पाहीन. पण तळपाय फोडा असं कोणत्या कोर्टानं सांगतलं होतं, भाऊ?"

"अन् एकांतात ठेवलं त काय झालं? एकांत वाईट कसा? आपण शिबिरात पैसे न घेता देतो थो लोकायले."

हे माझंच वाक्य होतं. मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक आजी बोलली. नव्वदीची असेल, आमच्यातली सगळ्यात म्हातारी. दीक्षेच्या वेळी ती जवान होती.

"हेडमास्तर," ती म्हणाली, "तुह्या आज्याले पाटलाच्या गोठ्यात तीन दिवस बांधून ठेवलं होतं. मी लहान होती, मी पाह्यलं. समोरच्या देवळात तवा सप्ता चालू होता. टाळ वाजून राह्यले होते. एक बी टाळवाला उठून गोठ्यापर्यंत नाई आला. म्हणे, आमी देवाचं काम करून राह्यलो." मग तिनं सगळ्यांकडे बघितलं. "आता टाळ आपल्या हातात हाये म्हणा की."

अध्यक्ष भाऊंचा चेहरा लाल झाला. माणूस मानी, हार मानायचा नाही. म्हणाले, "मार वाईटच, मी कुठी चांगला म्हणतो? पण एकांताचं मी म्हणतो थेच खरं."

"मंग बसा," मी म्हणाले.

विहाराच्या मागं सतरंज्या आणि भोंगा ठेवायची खोली आहे. खिडकी नाही, वर एक झरोका. येत्या रविवारी दुपारी एक तास भाऊ तिथं बसणार, असं ठरलं. हसत हसत गेले आत, हात जोडून. मी बाहेरून कडी घातली. आम्ही सात-आठ जणी ओट्यावर पौर्णिमेच्या जेवणाचे तांदूळ निवडत बसलो.

वीसेक मिनिटांनी टकटक.

"किती वाजले व?"

"घंटा व्हायचा हाये, भाऊ."

"थे मालूम हाये. वेळ विचारला फक्त."

परत शांत. मग जोरात. "उघड व बाई. पाणी पाह्यजे."

"नाई उघडता येत," मी म्हणाले, "सुरक्षेच्या कारणानं."

बायकांना हसून हसून सूप हलवेना. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग आतून काहीच आवाज येईना. एक मिनिट, दोन मिनिटं. आमचं हसणं एकेकीच्या तोंडावर विरत गेलं. मी उठून कडी काढली. भाऊ भोंग्याच्या पेटीवर बसले होते, शर्ट भिजलेला. पाणी दिलं ते प्याले.

"शिबिरात आतून कडी असते," ते म्हणाले. "अंधाराचं मले काई नाई वाटलं. तुमी उघडसान का नाई, हे मालूम नव्हतं. तुमी हासून राह्यल्या होत्या."

प्रतिज्ञापत्रासोबतच्या पत्रावर पहिली सही त्यांची झाली. त्यानंतर मी कोणालाही गमतीनं कोंडलं नाही, नातवंडांनाही नाही.

पण एका विहारानं काय होतं? तुरुंगाला बाहेरची माणसं लागतात कशाला, ते मी आता ओळखून होते. प्रत्येक सणाला तिथं कोणीतरी जातं. कोणी प्रवचन करतं, कोणी भजन, नाताळात चर्चवाले गाणी म्हणायला. मिठाई वाटली जाते, फोटो निघतो, वहीत शेरा लिहिला जातो. सगळे चांगले लोक. आणि त्या सगळ्या चांगल्या लोकांच्या शेऱ्यांच्या आड एक माणूस कडेनं चालत असतो. पोलीस मारतात, तुरुंगवाले कोंडतात, हे मला जुनं माहीत होतं. नवीन कळलं ते हे की सही आमची असते.

शेजारच्या क्वार्टरमधली बाई एका भजनी मंडळाची प्रमुख. हातात खंजिरी आली की तिच्यापुढं कोणाची छाती नाही. दर भाऊबीजेला तिचं मंडळ त्या तुरुंगात ओवाळायला जातं. मी तिच्याकडे गेले, सगळं सांगितलं. म्हटलं, साहेबाला एवढंच म्हणा, ओवाळू तर सगळ्यांना. कोठडीतल्यालाही बाहेर आणा, नाहीतर आम्ही परत जातो.

ती कपडे वाळत घालत होती. पिळलेली साडी तशीच हातात राहिली.

"माहा मावसभाऊ पोलिसात होता," ती म्हणाली. "तुमाले मालूम नसन. गडचिरोलीत ड्युटी लागली. जंगलात गेला थो बॉक्समधी आला. वहिनीनं तोंड पाह्यलं नाई, पाहू देल्लं नाई. अन् तुमी मले सांगता, त्यायले ओवाळ?"

मला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षं आमची भिंत एक. मी तिला श्वासावर तीन व्याख्यानं दिली होती, तिला भाऊ किती ते कधी विचारलं नव्हतं. मी उठले, म्हटलं, चुकलं माझं, जाते.

"बसा," ती रागानंच म्हणाली. साडी झटकून दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलली. "थो माणूस त्यातला हाये का?"

"माहीत नाही. खटला चालायचा आहे."

"असन त सजा द्या. फाशी द्या म्हणन मी, मले राग येते. पण माह्या भावाचं नाव घेऊन कोणाचे पाय फोडू नका. माहा भाऊ मारकुटा नव्हता व. त्याच्या नावानं हे काऊन करता?" ती रडत होती आणि चिडलेली होती, दोन्ही. "येतो मी भाऊबीजेले. पण मी ओवाळीन का नाई, थे तिथी पाहीन."

भाऊबीजेला तुरुंगाच्या गेटवर तीस बायका होत्या. अर्ध्या तिच्या मंडळाच्या, कपाळभर कुंकू, हातात ताटं. अर्ध्या आमच्या विहाराच्या, रिकाम्या हातानं. आमचा तो सण नाही, आम्ही फक्त उभ्या राहायला गेलो होतो. फोटोवाला आला होता. साहेब हसत बाहेर आले. शेजारणीनं खंजिरी काखेत धरून विचारलं, "कोठडीतला येते का?"

"ताई, ते शक्य नाही. बाकीचे दोनशे भाऊ वाट बघताहेत ना तुमची."

"मंग त्यायले सांगा, बहिणी बाहेर बसल्या हायेत."

आणि ती गेटसमोर मातीत बसली. खंजिरी सुरू झाली. वाऱ्यानं दिवे विझायचे, बायका परत लावायच्या. आमच्या बायकांना भजन येत नव्हतं, त्यांनी टाळ्या धरल्या. तासभर. भिंतीच्या आतून कोणीतरी टाळ्यांनी ठेका धरला, मग आणखी काहींनी. ह्या खेपेला कोणी शिपायानं खूण केलेली नसावी. साहेब माझ्याजवळ आले.

"मॅडम, तुम्हीच तर लिहिलंय, त्याला एकांत मानवलाय."

"म्हणूनच आले. वही आणा. मला अजून एक शेरा लिहायचाय."

वही आली नाही. न ओवाळता आम्ही परतलो. पेपरात फोटो आला नाही. मग मी चर्चमध्येही जाऊन सगळं सांगितलं. नाताळात तिथल्या लोकांनीही गेटवर तोच प्रश्न विचारला आणि न गाता परत गेले. एक प्रवचनकार महाराज मात्र जायचे ते गेलेच. बंद्यांना कर्मसिद्धांत सांगून आले. त्यांच्याबद्दल मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

मधल्या काळात मला कोणी कोणी काय म्हटलं तेही लिहिते. नक्षलवाद्यांची मावशी म्हटलं. कॉलनीतल्या हळदीकुंकवाला जाणं मी आधीच सोडलं होतं, आता वाढदिवसांनाही बोलावणं बंद झालं. मालकांना ड्युटीवर कोणी विचारलं, बायकोला आवरत नाही का. ते म्हणाले, मी सव्वीस वर्षांपासून प्रयत्न करून राह्यलो, तुमी पाहा जमते का.

वकील बाईनं नवा अर्ज केला, माझं प्रतिज्ञापत्र आणि विहाराचं, भजनी मंडळाचं, चर्चचं पत्र जोडून. कोर्टानं मला बोलावलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, तेव्हा खरं लिहिलं होतं की आता?"

"साहेब, तेव्हा जे पाहिलं ते खरं पाहिलं. त्याचा अर्थ खोटा लिहिला."

"का?"

"मी शिबिराहून आले होते."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. बाहेरच्या डॉक्टरकडून तपासणीचा हुकूम झाला. डॉक्टरांच्या कागदात दोन वेळची इजा निघाली. एक तुरुंगात येण्याआधीची. दुसरी आत आल्यावरची, त्याच तळव्यांवर, बरी होत असताना. तो कोठडीचं दार ठोठावत होता म्हणून, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. मी वहीत "शांत" लिहिलं ते त्या दुसऱ्या मारानंतर कधीतरी. दार ठोठावणं थांबलेल्या माणसाला मी शांत म्हटलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला त्याला इतरांसोबत बराकीत हलवलं. आईची भेट सुरू झाली. कोणाला शिक्षा झाली का, तर नाही. हसरे साहेब बढतीवर दुसरीकडे गेले. निरोपाच्या कार्यक्रमाला, मला कळलं, तिन्ही धर्मांचे लोक हजर होते आणि साहेबांनी सर्वधर्मसमभावावर भाषण केलं. मी ते ऐकून घरातला एक कप फोडला. चांगला होता, सहातला.

खटला पुढं चालला. पुरावा काही टिकला नाही, तो सुटला. सुटल्यावर काही महिन्यांनी मी वकील बाईबरोबर त्याच्या गावी गेले. एटापल्लीच्या पुढं गाडी जाते तिथपर्यंत गाडीनं, मग पायी. धान कापून झालेलं होतं, रिकाम्या शेतात, बांधीत, ढोरं सोडलेली. म्हातारीनं दुरूनच ओळखलं, जोहार केला, पाणी आणून दिलं. तो मांडवाखाली बसून बांबूच्या कमच्या काढत होता. शेजारी काठी टेकवलेली. उभा राहायला लागला, मी नको म्हटलं.

मी माफी पाठ करून गेले होते. बस हलत होती तशी मनात घोकत होते. त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं बोलून टाकलं: मी कोण, मी काय लिहिलं, त्यामुळे तो किती महिने जास्त त्या कोठडीत राहिला, मग आम्ही गेटवर बसलो, कोर्टात गेलो. शेवटाकडं माझा आवाज जरा उंच झाला. आमच्या कामाचं वर्णन चालू होतं ना. तो सुरी न थांबवता ऐकत होता. माझं झाल्यावर त्यानं कमची बाजूला ठेवली. मला वाटलं, आता शिवी देईल, द्यावीच. नाहीतर म्हणेल, जाऊ द्या बाई. आणि ते मला शिवीपेक्षा जड गेलं असतं.

तो म्हणाला, "माह्या बाजूच्या कोठडीत एक जण होता. तोंड मी कधी पाह्यलं नाई. सकाळी थो भिंतीवर टकटक करे, मंग मी करो. मले काढलं तवा थो तिथीच होता. त्याच्यासाठी कोणी गेलं का, बाई?"